१०३ विरुद्ध १०२

'स्टॉक कार रेसिंग' म्हटलं की आमच्या हापिसातल्या निम्म्या जनतेला शेअर बाजार आठवतो. माझीही गत तीच होती. मागच्या वर्षी एका बँकेच्या प्रोजेक्टवर सहा महिने अमेरिकेत शार्लटला ऑनसाइट होतो. एका शनिवारी धो धो पाऊस, रूममेट दिवसभर झोपायच्या मूडमध्ये, म्हणून मी एकटाच अपटाउनमधल्या नास्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये शिरलो. तासाभरात बाहेर पडू असा हिशोब होता. शेवटी सिक्युरिटीवाल्याने 'बंद करतोय' म्हणून सांगितल्यावर बाहेर आलो.

या सगळ्याचं कारण एक माणूस. अ‍ॅलन कुलविकी. मेकॅनिकल इंजिनिअर! म्हणजे आपल्यातलाच की.

ज्यांना फक्त फॉर्म्युला वन माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून निघते तशी साधी गाडी. आता आतलं सगळं रेससाठीच बनवलेलं असतं, पण बाहेरून फोर्ड ही फोर्डच दिसते. ट्रॅक बहुतेक लंबगोल, वळणं डावीकडेच, आणि शर्यत तीन-चार तास चालते. 'नुसतं गोल गोल फिरायचं, त्यात काय?' हा प्रश्न मीही विचारलाय. (आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नास्कारच्या ट्रक मालिकेत उतरला होता, तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. चूक कबूल.)

तर कुलविकी. जन्म १९५४, विस्कॉन्सिनमधला, पोलिश वंशाचा. वडील रेसच्या गाड्यांची इंजिनं बनवायचे. हा १९७७ मध्ये विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातून डिग्री घेऊन बाहेर पडला आणि गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर गाड्या पळवत राहिला. नास्कार तेव्हा दक्षिणेतल्या लोकांचा खेळ. बापाची गादी पोरगा चालवणार, गॅरेजमध्ये सगळे एकमेकांचे मेव्हणे नाहीतर चुलतभाऊ. त्यात १९८५ मध्ये हा उत्तरेतला डिग्रीवाला होतं नव्हतं ते विकून शार्लटला आला. निघायच्या दोन दिवस आधी सामानाचा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला आग लागली, म्हणून उसना ट्रक आणला. पुढच्या वर्षी स्वतःची टीम, एकच गाडी, दोन इंजिनं. एवढ्यावर तो १९८६ चा सर्वोत्तम नवोदित ठरला.

आता मुद्द्याकडे येतो. १९९० नंतर ज्युनियर जॉन्सन नावाच्या बड्या टीममालकाने त्याला दहा लाख डॉलरची ऑफर दिली. आमच्याकडे ये, फक्त गाडी चालव, बाकी आम्ही बघतो. कुलविकी नाही म्हणाला. एका कॉफी कंपनीची स्पॉन्सरशिप आपल्याला मिळतेय अशी त्याची समजूत होती. पुढे ती कंपनी गेली ज्युनियर जॉन्सनकडेच! १९९१ चा सीझन याने स्पॉन्सरशिवाय, खिशातून खर्च करत सुरू केला. मग अटलांटाच्या शर्यतीला हूटर्स या रेस्टॉरंटवाल्यांनी ज्याला पैसे दिले होते त्याची गाडी पात्रच ठरली नाही, आणि कुलविकी पोलवर होता. त्यांनी एका शर्यतीपुरता त्याला धरला आणि मग सोडलाच नाही.

ही गोष्ट आपल्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर आली तर कशी येईल हे मला पाठ आहे. 'करोडोंची नोकरी नाकारली, एकटा लढला, जग जिंकलं!' खाली हात जोडलेले तीन इमोजी. माझं या फॉरवर्डशी भांडण आहे, आणि ते 'एकटा' या शब्दाशी आहे. त्यासाठी १९९२ ची शेवटची शर्यत नीट बघावी लागेल.

त्या वर्षी सप्टेंबरात डोव्हरला कुलविकीची गाडी आपटली. सहा शर्यती उरलेल्या आणि हा अव्वल असलेल्या बिल इलियटपेक्षा २७८ गुणांनी मागे. संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. पण इलियटचं गणित बिघडत गेलं, याचं जमत गेलं, आणि १५ नोव्हेंबरला अटलांटात शेवटच्या शर्यतीला सहा जणांना विजेतेपदाची संधी होती. डेव्ही अ‍ॅलिसन पहिला, कुलविकी त्याच्या ३० मागे, इलियट ४० मागे. रिचर्ड पेटीची ती शेवटची शर्यत आणि जेफ गॉर्डनची पहिली. कुलविकीच्या फोर्ड थंडरबर्डवर नावातली पहिली दोन अक्षरं काढून 'अंडरबर्ड' लिहिलं होतं, कारण अंडरडॉग. इंजिनिअरचा पीजे हा जगात कुठेही सारखाच असतो.

सुरुवातीच्या एका पिट स्टॉपला कुलविकीचा पहिला गिअर तुटला. म्हणजे आता दर वेळी थांबल्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये उचलायची. आपण सिंहगड रोडच्या सिग्नलला चुकून तिसऱ्यात निघतो तेव्हा जे होतं ते आठवा. पुढे अ‍ॅलिसन दुसऱ्याच्या अपघातात सापडून बाहेर गेला. उरले कुलविकी आणि इलियट.

आता गुण. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०. निदान एक फेरी पुढे राहिलात तर ५. आणि सगळ्यात जास्त फेऱ्या पुढे राहणाऱ्याला आणखी ५. समजा इलियट जिंकला आणि कुलविकी दुसरा आला. जास्त फेऱ्यांचा बोनस कुलविकीला मिळाला तर दोघांचे त्या दिवसाचे गुण १८०-१८०, म्हणजे आधीचा १० चा फरक कायम आणि कुलविकी चॅम्पियन. बोनस इलियटला गेला तर १८५ आणि १७५, म्हणजे बरोबरी. बरोबरीत ज्याने जास्त शर्यती जिंकल्या तो चॅम्पियन, आणि वर्षभरात इलियटच्या पाच, कुलविकीच्या दोन. म्हणजे सगळा वर्षाचा निकाल कोण किती फेऱ्या पुढे राहिला यावर.

हे गणित कुलविकीचा क्रू चीफ पॉल अँड्र्यूज पिटमध्ये बसून करत होता. शेवटच्या स्टॉपला नेमकं कधी आत यायचं? बोनस पक्का झाल्यावर, त्याआधी नाही. कुलविकी तोवर बाहेर राहिला आणि मगच आत आला. टायर बदलायचे नाहीत, फक्त पेट्रोल. टायर बदलायचे नसल्यामुळे क्रूचे हात मोकळे, म्हणून त्यांनी गाडी मागून ढकलली, कारण पहिला गिअर नव्हता ना! त्या घाईत टाकी पूर्ण भरलीच नाही. मग राहिलेल्या फेऱ्या पेट्रोल वाचवत काढल्या. इलियट जिंकला, कुलविकी दुसरा. पुढे राहिलेल्या फेऱ्या कुलविकी १०३, इलियट १०२. विजेतेपदाचा फरक १० गुण.

आणि इलियट कोणासाठी गाडी चालवत होता? ज्युनियर जॉन्सनसाठी. वाचून खुर्चीतून उठलो होतो मी.

आता सांगा, यात एकटा कोण होता? फेऱ्यांचा हिशोब एकाने ठेवला, गाडी चार जणांनी ढकलली. कुलविकीचं कर्तृत्व मोठंच आहे. मालक, इंजिनिअर आणि ड्रायव्हर एकाच सीटवर असल्यामुळे पिटमधून आलेला आकडा त्याला समजावून सांगावा लागत नव्हता. ज्युनियर जॉन्सनकडे त्याला हे मिळालं नसतं, म्हणून त्याचा नकार मला पटतो. पण याच माणसाची ख्याती हाताखाली काम करायला अवघड अशी होती. प्रत्येक गोष्ट स्वतः बघायची, मनासारखं झालं नाही की चिडायचं. लोक यायचे, जायचे. पॉल अँड्र्यूज १९८८ पासून टिकला. तो गेला असता तर ते १०३ कोणी मोजले असते?

हे मला टोचायचं कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक मॉड्यूल लिहिलं, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपायचा नाही. टीममध्ये एक ज्युनियर होता, सोलापूरचा, हुशार. त्याचा प्रत्येक बदल मी रात्री बसून पुन्हा माझ्या पद्धतीने लिहायचो. क्वालिटी, दुसरं काय! आठ महिन्यांनी तो दुसऱ्या टीममध्ये गेला. जाताना कँटीनमध्ये म्हणाला, "सर, शिकलो भरपूर. पण करायला काही मिळालंच नाही." तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. शार्लटहून आल्यावर त्याला चहाला बोलावलं. तो आला, गप्पा मारल्या, पण परत टीममध्ये येणार का हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

असो.

कुलविकीला विजेतेपद जेमतेम साडेचार महिने लाभलं. १ एप्रिल १९९३ ला नॉक्सव्हिलहून ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना टेनेसीत ब्लाउंटव्हिलजवळ त्याचं छोटं विमान कोसळलं. इंजिनात हवा घेणाऱ्या भागात साचलेला बर्फ, असं कारण चौकशीत निघालं. विमानातले चौघेही गेले. तो ३८ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलला पाऊस होता, आणि त्या पावसात त्याच्या टीमचा गाडी वाहून नेणारा मोठा ट्रक ट्रॅकवर सावकाश फेऱ्या मारून घरी निघून गेला.

एक सांगायचं राहिलंच. १९८८ मध्ये फीनिक्सला पहिली शर्यत जिंकल्यावर कुलविकीने विजयाची फेरी उलट्या दिशेने मारली होती. नेहमीच्या दिशेने गेलं तर ड्रायव्हरची खिडकी ट्रॅकच्या आतल्या बाजूला येते. उलटं गेलं की ती प्रेक्षकांकडे येते आणि लोकांना हात करता येतो. साधा इंजिनिअरिंगचा विचार, पण हे आधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने स्वतःच त्याला 'पोलिश व्हिक्टरी लॅप' म्हटलं.

ब्रिस्टलची ती शर्यत रस्टी वॉलेस जिंकला आणि उलटा फिरला. जुलैत डेव्ही अ‍ॅलिसनही हेलिकॉप्टर अपघातात गेला. नोव्हेंबरात पुन्हा अटलांटा, वर्षाची शेवटची शर्यत. वॉलेस शर्यत जिंकला होता, डेल अर्नहार्ट विजेतेपद. दोघांनी गाड्या शेजारी शेजारी लावल्या, खिडकीबाहेर एकाने ७ नंबरचा आणि दुसऱ्याने २८ नंबरचा झेंडा धरला, आणि दोघे मिळून उलटी फेरी मारून आले.