हा अनाहत नव्हे



गेली 7 वर्षे माझ्या उजव्या कानात एक रातकिडा ओरडतो आहे. डाव्यातही आहे, पण तो जरा लांबच्या शेतातला. जेवताना, बोलताना, पहाटे नामस्मरणाला बसलो असताना, तो थांबत नाही. हे एका साधकाला सांगितले तर त्यांनी माझ्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, अनाहत नाद उघडला! भाग्य थोर!" मी पाय मागे ओढून घेतले. असे म्हणणारे ते एकटे नाहीत, म्हणून हे लिहितो.

अनाहत म्हणजे आघातावाचून उमटलेला. माझ्या कानातला आवाज आघातानेच उमटला आहे, आणि तो आघात कोणत्या गावी झाला हे मला ठाऊक आहे. काल्याचे कीर्तन आटोपून ग्रंथाची मिरवणूक निघाली होती. पुढे ट्रॉलीवर पेट्यांची भिंत, आणि तिच्यामागे दहा पावलांवर फेटा बांधून मी. दीड तास! छातीचा पिंजरा हादरत होता. टाळकऱ्यांचे टाळ हलताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा कानांत दडे बसलेले आणि त्यांच्या आतून बारीक शिट्टी. सकाळी दडे गेले. शिट्टी राहिली.

सगळा दोष त्या एका दिवसावर घालणे मात्र खोटेपणाचे होईल. पंचेचाळीस वर्षे कीर्तन केले. पाठीशी तीस-चाळीस टाळ, पायाशी पेटी, आणि "अजून वाढवा" म्हणून यंत्रवाल्याला बोटाने खूण करणारा मीच.

ज्यांना शास्त्राधार हवा त्यांनी दोन ग्रंथ शेजारी ठेवावेत. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान आहे. साधकाला आधी समुद्र, मेघ, भेरी यांच्यासारखे, मग मर्दल, शंख, घंटा यांच्यासारखे, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर यांच्यासारखे नाद ऐकू येतात. आता माधवनिदान उघडा. वायू कानाच्या स्रोतसात शिरला की रोग्याला भेरी, मृदंग, शंख ऐकू येतात, आणि त्या रोगाचे नाव कर्णनाद. सुश्रुतानेही कानाचे 28 रोग मोजताना कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड धरले आहेत. वाद्ये जवळजवळ तीच, म्हणून भोळा माणूस फसतो. पण योग्याचा नाद स्थूलाकडून सूक्ष्माकडे जातो आणि मन त्यात विरते. रोग्याचा नाद जिथल्या तिथे राहतो आणि मन कातावते. योगी कान झाकून नाद शोधतो. मी कान झाकले तर तो दुप्पट होतो, म्हणून रात्री उशाशी तंबोऱ्याची पेटी बारीक आवाजात लावून निजतो. समाधी साधलेल्याला असली पेटी लागत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून कान तपासले. आलेखातली रेघ बरी चालली होती. चार हजार कंपनांच्या आसपास ती एकदम खड्ड्यात पडली. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही खूण, म्हणाले. कानाच्या आतल्या शंखात प्रत्येक बाजूला पंधरा-सोळा हजार केसाळ पेशी असतात. मेलेली पुन्हा उगवत नाही. जे ऐकू यायचे थांबले ते मेंदू शोधत राहतो, आणि त्या धडपडीचाच आवाज होतो, असे त्यांनी समजावले. औषध विचारले तर म्हणाले, सवय करा. कर्णपूरणही करून पाहिले. तेलाने बरे वाटले, रातकिडा हलला नाही. हिशोबही त्यांनीच सांगितला. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटे. माझा दीड तास तुम्हीच मोजा.

गादी मी वयामुळे सोडली असे लोक समजतात. एका कीर्तनात वीणेची तार उतरलेली होती आणि मला ते कळलेच नाही. मी त्याच सुरात चाल धरली. मृदंगावरच्या पोराने टाळकऱ्याकडे पाहिले, टाळकऱ्याने खाली पाहिले. ती माझी शेवटची सेवा.

आता दुसरी गोष्ट, जी आजवर सांगितली नाही. विसेक वर्षांपूर्वी एका सप्ताहात मंडपालगतच्या घरातली सून निरोप घेऊन आली. सासू अंथरुणाला खिळलेली, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, तेवढा एक कर्णा पलीकडे वळवा. मी गादीवरून माइकवर म्हणालो, "शेवटच्या दिवसांत हरिनाम कानी पडते आहे, आणि म्हातारीला झोप हवी?" मंडप हसला. टाळ्या पडल्या. ती बाई मान खाली घालून गेली. वाक्य चांगले साधले असे मला वाटले होते. पुढे दोन-तीन गावी ते मी पुन्हा वापरले.

मंडळांचे म्हणणे मला पाठ आहे. लांबच्याला ऐकू येत नाही? मग पुढे पेट्यांची भिंत रचू नका. लहान पेट्या मंडपभर अंतराअंतराने लावा आणि आवाज खाली ठेवा. शेवटच्या रांगेला शब्द कळेल, पहिल्या रांगेचे कान वाचतील. गॅसबत्तीच्या उजेडात, यंत्रावाचून झालेली कीर्तने मी लहानपणी ऐकली आहेत. ऐकू आले नाही की माणसे पुढे सरकून बसत. दुसऱ्यांचे कर्णे आधी बंद करा म्हणता? एकादशी आपण शेजाऱ्याने धरली की नाही ते पाहून धरतो काय? मोठ्या आवाजाशिवाय तरुण येत नाहीत म्हणता? येतात, नाचतात. बाहेर पडताना त्यांना विचारा, आज अभंग कोणता होता.

आणि कायदा. 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते पहाटे 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. सरकारने ठरवून दिलेले वर्षातले मोजके दिवस तेवढे रात्री 12 पर्यंत सूट. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. आपला काकडा पहाटे चारला कर्ण्यावर लागतो. कोणी तक्रार करत नाही, कारण देवाविरुद्ध तक्रार कोण करणार? ती सून एकदा आली होती.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. दुसरीने पहिलीचे इंद्रिय मारायचे, ही कुठली परंपरा?

आमच्या गावचा सप्ताह चैत्रात बसतो. काकड्याला यंत्र नको, मंडपाबाहेर कर्णा नको, मिरवणुकीत टाळ-मृदंगाखेरीज काही नको, असे मी मंडळाला लेखी दिले आहे. "महाराज, पेटीवाल्याला विसार गेला आहे," एवढेच उत्तर आले. विसाराची रक्कम मी भरतो, असे कळवले आहे.