छायाचित्र जोडा

कागद महागला, पावसाने दाणादाण उडवली आणि तरीही तुम्ही अंक घेतलात. वर्षाचा आढावा संपला. वर्षभर डोक्यात गेलेली गोष्ट वेगळीच आहे: विद्यापीठांतल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांकडून तपासणीसाठी भरून घेतला जाणारा तक्ता. तंत्रज्ञान वापरता का? कोणती साधनं? किती लिंक? जिओटॅग छायाचित्र जोडा.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत असं मोजमाप चालून गेलं, कारण ऑनलाइन का होईना, तास होतोय एवढंच पुष्कळ होतं. पण २०२१ साली यूजीसीने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून शिकण्याची मुभा दिली. म्हणजे पाहुणं म्हणून आलेलं ऑनलाइन शिक्षण आता घरचं झालं. तरी आपण पडदेच मोजतोय.

गुरुत्वत्वरण काढायचा लोलक घ्या. आभासी प्रयोगशाळेत लांबी एक मीटर ठेवली की पडद्यावर सुमारे दोन सेकंदांचा आवर्तकाल निमूट उमटतो. मुलं तो उतरवून घेतात. तक्त्यात पूर्ण गुण! एखाद्या मॅडम मात्र घरीच दोरीला कुलूप बांधायला सांगतात आणि मोबाइलवर एकच हेलकावा मोजायला लावतात. अंगठा ०.२ सेकंद चुकला की आवर्तकालात दहा टक्के चूक, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे गुरुत्वत्वरणात जवळजवळ वीस. मग वीस हेलकावे मोजायचे. तीच चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते, गुरुत्वत्वरणात जेमतेम एक टक्का उरते. सगळ्यांची उत्तरं एका शीटवर येतात. एकाचं ९.६ का? त्याने दोरी कुलपाच्या कडीपर्यंतच मोजली होती, कुलपाच्या मध्यापर्यंत नाही. हे शोधून काढण्यात अख्खा तास जातो, आणि तो जायलाच हवा. तक्त्याच्या लेखी मॅडमनी वापरलं काय, तर व्हॉट्सअॅप आणि एक शीट.

साधनांशी माझं वैर नाही. किरणोत्सारी पदार्थ कुणी घरी देणार नाही, तिथे सिम्युलेशनच हवं. आखेन विद्यापीठाच्या ‘फायफॉक्स’ अॅपने तर खिशातल्या फोनलाच त्वरणमापक करून टाकलंय. पण साधन का निवडलं, मुलांनी आधी काय अंदाज बांधला, चूक कुठे पकडली, हे विचारायला त्याच विषयातला माणूस तासभर मागच्या बाकावर, म्हणजे कॅमेरा बंद करून, बसवावा लागतो. ते खर्चिक आहे. छायाचित्र फुकट मिळतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘हात’. कुंभार, तबलजी, शल्यविशारद आत भेटतील. संपादकीय मात्र पडद्याविषयी, अशी कुरकुर होईल. होऊ द्या. तपासणीला येणाऱ्या मंडळींनी पुढच्या खेपेला छायाचित्राऐवजी मुलांच्या वह्या मागवाव्यात, खाडाखोडीसकट.