पाणी तोडणे हा उपाय नव्हे



लघवीवर ताबा न राहिलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर पाणी मोजून द्यावे आणि डायपर बांधून मोकळे व्हावे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला घातक आहे. पाणी तोडले की लघवी दाट होते, जळजळते, पोट साफ होत नाही आणि गळती उलट वाढते. फार तर झोपण्यापूर्वी दोन तास चहा-पाणी कमी करावे. गळती अचानक सुरू झाली तर वयावर ढकलू नये. जंतुसंसर्ग, साखर, प्रोस्टेट, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, हे आधी तपासावे.

खेड्यात शौचालय बहुधा अंगणाच्या टोकाला. गुडघे धरलेला माणूस अंधारात तिथवर पोहोचेपर्यंत उशीर होतो. त्यात मूत्राशयाचा काय दोष? खाटेशेजारी कमोड खुर्ची हवी. ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त (२०२४) वय ६५ वा अधिक आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यास अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात.

गेल्या अंकातील त्या पत्रात सुनेची कर्तव्ये सविस्तर आहेत, मुलाचे नावही नाही! बापाचे ओले धोतर मुलाने बदलावे, दार लावून, आणि पाहुण्यांपुढे त्याची वाच्यता करू नये.

या विषयावर डॉक्टरांचा लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, कळसाडी (जि. नंदुरबार)