काचेचे कापड विकायचे तर ओळखूनच विका

पाण्याला न टेकता अधांतरी चालणारी फळी, म्हणजे फॉइल बोर्ड, आता नवलाईची राहिलेली नाही. फळीखाली उभा दांडा, दांड्याच्या टोकाला विमानासारखे पंख. वेग आला की पंख फळीला वर उचलतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या आणि शिडाच्या फॉइल शर्यती प्रथमच झाल्या. तयार बोर्ड महाग, म्हणून परदेशात बरेच हौशी लोक तो घरीच बनवतात. थर्माकोलचा गाभा, वर काचेचे कापड आणि इपॉक्सी रेझिन. यात कापड आहे, म्हणूनच व्यापारी बांधवांसमोर हा विषय मांडत आहे.

रेझिन जितके जास्त तितकी फळी मजबूत, असा अनेकांचा समज असतो. तो दुरुस्त नाही. ताण सोसतो काचेचा धागा. रेझिन त्याला जागच्या जागी धरून ठेवते. हाताने थर देताना कापडाच्या वजनाइतके रेझिन, हा साधा हिशेब. जास्त ओतले तर वजनच वाढते. स्वस्तातले पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलवर चालत नाही. त्यातले स्टायरीन थर्माकोल विरघळवते. इपॉक्सी लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवणेही चूक. प्रमाण बिघडले की थर कच्चा राहतो.

आता कापडाकडे येऊ. चौरस मीटरला सुमारे १३५ ग्रॅम वजनाचे, म्हणजे चार औंसाचे कापड साध्या सर्फबोर्डाला चालते. फॉइलचा दांडा मात्र पाऊण मीटरच्या आसपास लांब असतो आणि तरफेसारखा फळीचा तळ उखडू पाहतो. म्हणून त्या जागी कठीण फोमचा ठोकळा बसवून वर जादा थर द्यावे लागतात. ताणा-बाणा ज्या दिशेला, ताकद त्या दिशेला. फळी पिळली जाते तेव्हा ४५ अंशात तिरका लावलेला थरच तिला आवरतो.

दुसरी बाब फिनिशची. विणण्यासाठी काचेच्या धाग्यालाही बहुधा खळ दिलेली असते. सुती कापडाची खळ आपण धुऊन काढतो. काचेच्या कापडाची भट्टीच्या उष्णतेने जाळतात आणि मग सिलेनचे फिनिश देतात. असेच कापड इपॉक्सीला घट्ट धरते. खळीचे कापड तसेच लावले तर थर सुटू शकतात. नुसत्या नजरेने हा फरक कळेलच असे नाही.

इथे व्यापाऱ्याच्या इमानाचा प्रश्न येतो. किनाऱ्यापासून दूर दांडा उखडला तर नुकसान पैशाचे राहत नाही, जिवावर बेतते. टेक्निकल टेक्सटाईलसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये १४८० कोटी रुपयांचे मिशन मंजूर केले. पण ग्राहकाचा भरवसा सरकारी पैशाने मिळत नाही. वजन, वीण आणि फिनिश, या तीन गोष्टी बिलावर लिहून द्या. ज्याला त्या लिहिता येत नाहीत, त्याने हा माल दुकानात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.