बिनपगारी सुट्टी



निंबर्ग्याच्या बसथांब्यावर सणासुदीला पुण्याहून आलेला तरुण उतरला, तर कोणास नवल वाटत नाही. परंतु 2019 च्या श्रावणात, तुरीच्या कोळपणीचे दिवस चालू असताना, असा एक तरुण पेटी व अंथरूण घेऊन उतरला, तेव्हा जो तो विचारू लागला, "सुट्टीवर आलास काय रे?" त्याने नुसती मान हलविली. ती सुट्टी बिनपगारी होती व तिचा शेवटचा दिवस त्याला कोणी सांगितला नव्हता. ही गोष्ट त्याने आपल्या आईलासुद्धा आठ दिवस सांगितली नाही. पुढे त्याने ती मला सांगितली, आणि त्याच्याच संमतीने मी ती येथे लिहीत आहे.

तो चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात, मोटारींचे सुटे भाग घडविण्याच्या कामावर, गुत्तेदाराच्या हाताखाली होता. कारखान्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. कारण त्या वर्षी असे अनेक ठिकाणी घडले.

त्या वर्षी देशातील मोटारींचा खप अकस्मात् आटला. जुलै 2018 मध्ये कारखान्यांतून विक्रेत्यांकडे 2,90,931 प्रवासी मोटारी गेल्या होत्या. जुलै 2019 मध्ये हा आकडा 2,00,790 वर आला, आणि ऑगस्टमध्ये तो दोन लाखांच्याही खाली गेला. मडकी विकली जात नसतील, तर कुंभारही नवा आवा पेटवीत नाही. मोटार कंपन्यांनी तेच केले. मारुतीने गुरुग्राम व मानेसर येथील कारखाने 7 व 9 सप्टेंबर रोजी बंद ठेवले. टाटा मोटर्सच्या पुण्यातील कारखान्यात काही दिवस काम थांबले. महिंद्र कंपनीनेही त्या तिमाहीत अनेक दिवस उत्पादन बंद राहील, असे जाहीर केले. अशोक लेलँडने सप्टेंबरात निरनिराळ्या कारखान्यांतून 5 ते 18 दिवस काम बंद ठेवण्याचे ठरविले.

खप आटण्याची कारणे अनेक होती. आपल्याकडे मोटार बहुधा कर्ज काढून घेतली जाते. 2018 च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था आपली देणी फेडू शकली नाही, तेव्हा इतर वित्तसंस्थांनी कर्ज देताना हात आखडता घेतला. त्याच महिन्यापासून नव्या मोटारीचा अपघात-विमा एकदम तीन वर्षांचा, व दुचाकीचा पाच वर्षांचा, उतरविणे सक्तीचे झाले. त्यामुळे पहिल्याच दिवशी द्यावयाची रक्कम वाढली. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून धुरासंबंधीचे नवे कडक नियम लागू व्हावयाचे होते, म्हणून कित्येक गिऱ्हाईक वाट पाहत राहिले. ज्वारी घरात हवीच. मोटार मात्र आणखी वर्षभर घेतली नाही तरी चालते.

ह्यांपैकी एकही कारण त्या तरुणाच्या हातातले नव्हते. तथापि भार कोणावर पडला, तो पाहा. मोठ्या कंपनीतील कायम कामगाराचे बंद दिवस बहुधा युनियनशी झालेल्या करारानुसार हिशेबात धरले जातात. काही रजेत जातात, काही पुढे जादा काम करून भरून निघतात. गुत्तेदाराच्या माणसाचा त्या दिवसाचा रोज सरळ बुडतो. वाहन कारखानदारांच्या संघटनेनेच ऑगस्ट 2019 मध्ये सांगितले की, मागील दोन-तीन महिन्यांत सुमारे 15,000 माणसांचे काम गेले, आणि ती बहुतेक हंगामी होती. मारुतीच्या अध्यक्षांनीही त्याच महिन्यात सुमारे 3,000 हंगामी कामगारांचे करार पुढे वाढविले नसल्याचे सांगितले.

कारखाना बंद पडणे आपल्या भागाला नवे नाही. 1949 साली सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली, तेव्हा हजारो माणसे एकदम बेकार झाली. गोष्ट दिल्लीपर्यंत गेली, आणि जानेवारी 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. चाकणच्या ह्या मुलांचे तसे नाही. ती एकेकटी, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या गावी उतरतात. म्हणून त्यांचे बेकार होणे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गावाला दिसतो तो कट्ट्यावर बसलेला एक मुलगा.

त्या वेळी लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, काम नाही म्हणून घरी बसविलेल्या कामगारास मूळ वेतन व महागाईभत्ता ह्यांची निम्मी रक्कम देण्याची तरतूद होती. पण ती वर्षभर सलग सेवा झालेल्यास, बदली व हंगामी कामगारास नव्हे. ज्याचा करार वर्ष भरण्यापूर्वीच संपतो, त्याच्या पदरी ह्यातून काय पडणार? जर्मनीत अशा वेळी कामगारास काढून न टाकता त्याचे तास कमी करतात, आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचे 60 टक्के, मुलेबाळे असल्यास 67 टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून देतात. 2009 च्या मंदीत तेथे दहा लाखांहून अधिक कामगार असे सांभाळले गेले. मंदी टाळणे कदाचित माणसाच्या हाती नसेल. तिचा भार कोणी वाहावा, हे ठरविणे मात्र त्याच्या हाती असते.

आता घरच्यांनी काय करावे? मुलगा कामास जाताना नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक व राज्य विम्याचे कार्ड ह्यांच्या नकला घरी ठेवाव्या. कलबुरगीचे राज्य विम्याचे मोठे रुग्णालय आपणांस ठाऊक आहे. परंतु त्याच विम्याखाली 1 जुलै 2018 पासून काम गेलेल्यास काही काळ रोख मदत देणारी योजना निघाली, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तिचे नियम व मुदत वेळोवेळी बदलतात, म्हणून ते कार्यालयात विचारून घ्यावेत. दुसरे असे की, ओव्हरटाइमच्या पैशावर विसंबून लग्नाचे वा ट्रॅक्टरचे कर्ज काढू नये. सुगीत पुढच्या पेरणीचे बी राखणारे आपण. तसे दोन महिन्यांचे वेतनही बाजूस राखावे.

आणि तिसरे, जे सर्वांत सोपे असून सर्वांत कमी केले जाते : परत आलेल्या मुलाला नाकर्ता म्हणू नये. मोटारींचा खप पुढे पुन्हा वाढला. 2024-25 मध्ये देशात सुमारे 43 लाख प्रवासी मोटारी खपल्या. परंतु त्या दोन-तीन महिन्यांत घरात उच्चारलेला एखादा शब्द मुलाच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही.

आमच्या ह्या तरुणाने आठव्या दिवशी, भाकरी खाताना, आईला सर्व सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अरे, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? ह्या घरातली भाकरी काय कंपनी देते?" दुसऱ्या दिवशी पहाटे तो वडिलांबरोबर तुरीच्या कोळपणीस गेला.