नकोशी पालिका की मराठी?

पालिकेच्या शाळेत पाल्यास का धाडत नाही, असे उपनगरातील मध्यमवर्गीय पालकास विचारले की उत्तर ठरलेले असते : तेथे शिस्त नाही, सोयी नाहीत. २०२० मध्ये मुंबई महानगरपालिकेने जोगेश्वरीच्या पूनमनगरात केंद्रीय मंडळाची इंग्रजी माध्यमाची शाळा काढली आणि हे उत्तर उघडे पडले. पालिका तीच; पण प्रवेशासाठी झुंबड उडाली. म्हणजे नकोशी होती ती पालिका नव्हे, मराठी!

लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ मध्ये, पारलेकरांनी त्यांच्या नावे विद्यालय उभारले. पुढे त्याच संस्थेला इंग्रजी माध्यमाच्या शाळाही काढाव्या लागल्या. दोष संस्थेचा नव्हे. मागणी समाजाचीच होती.

इंग्रजी उत्तम यावीच. महाराष्ट्रात २००० पासून ती पहिलीपासून शिकविली जाते. परंतु इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून गणित, विज्ञान शिकणे वेगळे. अमेरिकेतील हळदीचे पेटंट १९९७ मध्ये रद्द करविणारे डॉ. रघुनाथ माशेलकर पालिकेच्याच शाळेत शिकले. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेचाच आग्रह धरते.

शाळेत उणिवा आहेत? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश स्थान पालकांना दिले आहे. ते रिकामे सोडून नाके मुरडणे सोपे. व्यासपीठावर स्वभाषेचा गौरव आणि दारात इंग्रजी शाळेची बस, ही विसंगती कार्यकर्त्याच्या घरी तरी नसावी. मराठीला अभिजात दर्जा २०२४ मध्ये दिल्लीने दिला. विद्यार्थी मात्र मराठी घरांनीच द्यावयाचे आहेत.