हिरड्यांतील रक्त आणि आपले मौन

पहाटे शिप्राकाठी रामघाटावर फिरावयास जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. पायऱ्यांवर कडुनिंबाचे दातण करणारे पुरुष दिसतात. चुळीबरोबर पडलेल्या रक्ताने कुणी दचकत नाही. मी बालरोगतज्ज्ञ, तरीही मुलाची चिठ्ठी घेतल्यावर एखादा बाप दाराशी घुटमळतो आणि स्वतःची लैंगिक अडचण पुटपुटतो. अशा वेळी मी त्याच्या हिरड्याही पाहतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुर्की अभ्यासात, लिंगताठरतेची तक्रार असलेल्या ३० ते ४० वयाच्या पुरुषांपैकी ५३ टक्क्यांना, तर तक्रार नसलेल्यांपैकी २३ टक्क्यांना हिरड्यांचा तीव्र विकार आढळला. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मधुमेह व तंबाखू दोन्ही विकारांच्या मुळाशी असतात. परंतु जुनाट दाहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, नायट्रिक ऑक्साइड घटते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक. त्यांत बिघाड आधी जाणवतो. म्हणून ही तक्रार हृदयविकाराची पूर्वसूचनाही ठरू शकते.

असा रुग्ण लाजेपोटी भिंतींवरील ‘गुप्तरोग’ जाहिरातींकडे वळतो, हा दोष, माझ्या मते, आपल्या मौनाचा आहे. दंतवैद्यांनी रक्तशर्करेची चौकशी करावी, फिजिशियनांनी रुग्णाला तोंड उघडावयास सांगावे, आणि आम्ही मुलांना दात घासावयास शिकवताना वडिलांनाही शेजारी उभे करावे. प्रश्न आपणच विचारला, तर उत्तर देणाऱ्याचा संकोच निम्मा होतो.